सेम्बा-सानचा उलटा शिक्का

२६ मे १९९७

प्रिय यासुए-सान,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कुणी लाल शाईने झोडपल्याशिवाय माझं जपानी सुधारत नाही. म्हणून कबूल केल्याप्रमाणे हे पत्र. चुका मोजा, पण हसू नका.

जपानी शिकायला तुमच्या घरी राहिले, तिथून निघून सहा आठवडे झाले. प्रांत कार्यालयाच्या तळ्यांच्या विभागात मला टेबल मिळालंय, खिडकीजवळचं. काम मात्र नाही. वॉशिंग्टनला पूरग्रस्तांच्या मदत खात्यात मी अधिकारी, दिवसाला चाळीस फोन घेणारी. माझ्या सरकारने ‘वर्षभर जपानी अधिकाऱ्यांबरोबर काम करून ये’ म्हणून पाठवलं, आणि इथे सगळे मला फुलदाणीसारखं जपतात. ‘हॅलस्टेड-सान, चहा?’ ‘हॅलस्टेड-सान, थकलात का?’ अहो, थकायला काही करायला तर द्या!

पण परवा मी खरंच उपयोगी पडले. शिमोहारा गावाच्या डोक्यावर ओनागी नावाचं जुनं तळं आहे, दोनशे वर्षांपूर्वीचा मातीचा बांध. दोन वर्षं ते अर्धंच भरलं जात होतं. यंदा भात-लावणीसाठी काठोकाठ भरायला हरकत नाही, असा कागद विभागात फिरत होता. सात चौकटी, सहीच्या जागी सात शिक्के. कागद माझ्या टेबलावर ‘बघण्यासाठी’ आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, सेम्बा-सानचा शिक्का चक्क उलटा! सेम्बा-सान म्हणजे आमचे सगळ्यात जुने इंजिनीअर, छत्तीस वर्षांची नोकरी, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. मी उठले आणि मोठ्याने म्हणाले, ‘इथे जरा चूक झालीय, मी नवा कागद करून आणते.’ विभागप्रमुख तोरिगोए-सान हसून म्हणाले, ‘वा, फार बारीक नजर आहे.’ मी नवी प्रत काढली, सगळ्यांकडे स्वतः फिरवली. सेम्बा-साननी शिक्का सरळ मारला आणि मला इतकं खाली वाकून नमस्कार केला की मीच लाजले.

अखेर मला इथे कुणीतरी माणसात घेतलं. तुम्हाला आनंद होईल ना?

तुमची,
नोरीन


२९ मे

नोरीन,

लाल शाई आज राहू दे. तुझं पत्र वाचून मी डोक्यावर हात मारून घेतला. डाळीचं सूप चुलीवर करपलं तरी मी तशीच बसून होते.

अगं वेडे, छत्तीस वर्षं शिक्के मारणाऱ्या माणसाचा हात चुकतो होय? मीही सरकारी कचेरीत तेवढीच वर्षं काढली आहेत, माझ्याकडून ऐक. आमच्यात वरच्या साहेबाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. कागद अडवून ठेवला तर अख्ख्या विभागाचं तोंड काळं होतं. मग ज्याला पटलेलं नसतं तो आपल्या चौकटीत शिक्का उलटा मारतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही आणि कचेरीतल्या चहावाल्या बाईलासुद्धा माहीत असतं. ‘मी आडवा येत नाही, पण माझा याला होकार नाही,’ एवढा त्याचा अर्थ.

तो त्या माणसाचा एकुलता एक नकार होता आणि तू तो कचऱ्याच्या टोपलीत टाकलास. वर सगळ्यांदेखत ‘चूक’ म्हणालीस. आता त्याने काय म्हणायचं होतं? ‘नाही बाई, मुद्दामच मारला’? पाहुण्या बाईला आणि साहेबाला एका दमात खोटं पाडायचं? तुझा तो तोरिगोए हसला म्हणतेस. हसेल नाहीतर काय! आयतं काम झालं त्याचं.

आता नीट ऐक. कुणाशीही एक अक्षर बोलू नकोस. विशेषतः माफी मागू नकोस, तुम्हा लोकांना त्याची फार घाई असते. आधी मला सांग, तू त्या तळ्यावर गेली होतीस का? सेम्बा तिथे काय म्हणाला? शब्द न् शब्द लिही.

यासुए


४ जून

प्रिय यासुए-सान,

तुमचं पत्र सोमवारी सकाळी कचेरीतच हातात पडलं. मी ते दोनदा वाचलं आणि तुम्ही जे करू नकोस म्हणालात तेच करून बसले. राहवलंच नाही हो मला. मी उठून सेम्बा-सानच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, ‘तुमचा शिक्का मुद्दाम उलटा होता हे मला माहीत नव्हतं. मला माफ करा. आपण तो कागद परत मागवू या.’

सगळा विभाग ऐकत होता. सेम्बा-सान उभे राहिले, पांढरेफटक पडले होते. म्हणाले, ‘कसला मुद्दाम? वय झालं, डोळे अधू झाले. हॅलस्टेड-सानमुळे चूक सुधारली, मी आभारी आहे.’ आणि तोरिगोए-सान तिकडून म्हणाले, ‘चला, गैरसमज मिटला.’

म्हणजे मी त्यांच्या तोंडूनही होकार वदवून घेतला. तुम्ही मला काय वाटेल ते बोला, मी ऐकून घेईन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, एप्रिलच्या शेवटी सेम्बा-साननी मला ओनागीवर नेलं होतं. बांधावरून खाली शिमोहाराची एक्केचाळीस घरं दिसतात, अंगणात वाळत टाकलेल्या गाद्यासुद्धा. आम्ही बांधाच्या पायथ्याशी उतरलो. एका जागी ते बराच वेळ उभे राहिले, बुटाच्या टाचेने जमीन दाबून बघत. मग म्हणाले, ‘इथलं गवत फार हिरवं आहे.’ मी म्हणाले, ‘हो, किती सुंदर!’ ते माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, ‘आजूबाजूचं अजून पिवळं आहे.’ मी वहीत लिहिलं आहे: सेम्बा-सानना निसर्गाची आवड. बस, एवढंच.

मी इंजिनीअर नाही, यासुए-सान. याचा अर्थ काय?

तळं भरायला घेतलंय. पावसाळी ढग दक्षिणेकडे येऊन थांबलेत म्हणतात.

नोरीन


७ जून, जलद टपालाने

नोरीन,

अर्थ असा की बांधातून पाणी पाझरतं आहे. कोरड्या दिवसांत बांधाच्या पायथ्याला एकच तुकडा हिरवागार कसा राहील? तो माणूस तुला जीव तोडून सांगत होता. साहेब ऐकत नाही, म्हणून परदेशातून आलेल्या अधिकारीण बाईंच्या तोंडून तरी हे बाहेर पडेल, अशी आशा धरून त्याने तुला तिथे नेलं असणार. आणि तू म्हणालीस, किती सुंदर.

तुला बोलायचा मला काय अधिकार? आता मीही एक सांगते, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

गुडघे गेले म्हणून मी नोकरी सोडली असं मी तुला म्हणाले होते. गुडघे ठीक आहेत माझे. बारा वर्षांपूर्वी आमच्या विभागाने रस्त्यासाठी एक डोंगर कापायचं ठरवलं. डोंगर सैल आहे हे मला मोजमापांवरून दिसत होतं. मी काय केलं? शिक्का उलटा मारला. साहेबाने पाहिला, मान डोलावली, कागद पुढे गेला. दुसऱ्या वर्षी दरड आली. शाळेतून घरी चाललेल्या दोन बहिणी खाली सापडल्या. चौकशी झाली तेव्हा साहेबाने माझा कागद काढून दाखवला, ‘कुगा यासुए-सानना हे मान्य नव्हतं.’ मला कुणी बोट लावलं नाही. उलट शाबासकी मिळाली. मीही स्वतःला शाबासकी दिली आणि पुढची कित्येक वर्षं छान झोपले. मग एके दिवशी कचेरीत शिक्का हातात घेतला आणि तो कागदावर टेकवेचना. त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

मागच्या पत्रात मी म्हणाले, उलटा शिक्का म्हणजे नकार. ते खोटं आहे गं. कागद थांबत नाही तो कसला नकार? तो नुसता स्वतःच्या खिशात ठेवायचा नकार.

तू आता गप्प राहा असं मी म्हणणार नाही. पण जे करशील ते सेम्बाला एकट्याला गाठून कर, चार लोकांत नको. मी त्यालाही पत्र लिहिलं आहे, तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर. अनोळखी बाईचं पत्र बघून तो चिडेल. चिडू दे.

यासुए


१७ जून

यासुए-सान,

चार दिवस पाऊस धरून आहे. ओनागी आज काठाला लागलं.

सेम्बा-सान मला एकटे सापडतच नाहीत. मी जिन्यात दिसले की ते दुसऱ्या जिन्याने जातात. शेवटी मी तोरिगोए-सानकडे गेले आणि हिरव्या गवताचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दाताच्या फटीतून हवा ओढली आणि म्हणाले, ‘विचार करू.’ तुम्हीच शिकवलंत, याचा अर्थ ‘निघा आता’. मी म्हणाले, ‘विचार कधी करणार? खाली माणसं झोपतात.’ त्यावर ते म्हणाले, ‘हॅलस्टेड-सान, तळ्याची तपासणी झाली आहे. त्यावर सेम्बा-सानचा शिक्का आहे. सरळ शिक्का. तुम्हीच तर काळजी घेतलीत.’

मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दुपारी टोकियोहून आमच्या कार्यक्रमाच्या समन्वयक बाईंचा फोन. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं, एका माणसाच्या आगाऊपणामुळे पुढच्या वर्षीच्या सगळ्यांची दारं बंद होतील. पुन्हा तक्रार आली तर मला परत पाठवतील.

आज सेम्बा-सान रजेवर आहेत. शेजारच्या टेबलावरच्या बाई डोळे विस्फारून सांगत होत्या, छत्तीस वर्षांत पहिली रजा. ते कुठे गेलेत कुणालाच माहीत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

नोरीन


१९ जून

नोरीन,

तो इथे आला होता. परवा. रेल्वेने तीन तास, मग बस. दारात उभा राहून म्हणाला, ‘तुमचं पत्र वाचून मला फार राग आला.’ मी म्हटलं, ‘मग आत या, उभ्याने कसा भांडाल?’

बार्लीचा थंड चहा दिला. शिवलासुद्धा नाही. माझ्या भाज्यांच्या वाफ्याकडे बघत त्याने एकदम विचारलं, ‘त्या मुलींच्या आईकडे तुम्ही कधी गेलात?’

‘नाही.’

‘का?’

‘जाऊन काय सांगू? माझा शिक्का उलटा होता म्हणून?’

तो हसला. खरंच हसला गं, खो खो. मग हसता हसता त्याचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघितलं. जाताना म्हणाला, ‘माझा तर उलटाही राहिला नाही.’

तो काय करणार ते मला ठाऊक नाही, पण तो काहीतरी करणार. त्याला एकटं सोडू नकोस.

यासुए


२७ जून

प्रिय यासुए-सान,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

रविवारी सकाळी सात वाजता माझ्या खोलीचा फोन वाजला. ‘सेम्बा बोलतो. तुमच्याकडे गमबूट आहेत का?’ एवढंच. ओनागीच्या पायथ्याशी त्या हिरव्या तुकड्यातून आता करंगळीएवढी धार उसळत होती. सेम्बा-साननी ओंजळीत पाणी धरून मला दाखवलं. ‘एप्रिलमध्ये हे स्वच्छ होतं. आज गढूळ आहे. म्हणजे बांधाच्या पोटातली माती येते आहे.’ या वेळी त्यांनी सगळं फोडून सांगितलं. माझ्यावर विसंबून राहिले नाहीत.

पाणी सोडायची पाच लाकडी बुचं बांधाच्या उतारावर एकाखाली एक आहेत, आणि त्यांचे राखणदार म्हणजे हिरोओका आजोबा, गावाचे पाटकरी. ते छत्री घेऊन आलेच.

‘बूच काढायचंय? कागद दाखवा.’

‘कागद नाही. जो आहे त्यावर सगळं ठीक लिहिलंय. त्यावर माझा शिक्का आहे.’

‘मग झालं तर!’

‘ते खोटं आहे. मी खोट्यावर शिक्का मारला.’

आजोबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. ‘अहो साहेब, परवा लावणी. पाणी सोडलं तर शेतात काय दगड लावू? आणि उद्या तुमचा तो मोठा साहेब मलाच धरणार.’

सेम्बा-सान बूट-चष्म्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि बुचाचा दोर ओढायला लागले. एकोणसाठ वर्षांचा माणूस, दोनदा पाय घसरला, दुसऱ्यांदा तोंडावर पडले. मी उतरून त्यांच्या पट्ट्याला धरलं. गावातली माणसं बांधावर जमली, शिव्या द्यायला लागली. तेवढ्यात आजोबांनी छत्री भिरकावली. ‘असं ओढतात होय, गाढवा! मोडेल ना ते! व्हा बाजूला!’ आणि त्यांनी ते बूच एका हिसक्यात काढलं. दुपारपर्यंत आम्ही चार बुचं काढली. सेम्बा-सान दारोदार फिरले, प्रत्येक उंबऱ्यावर डोकं टेकवलं, आणि संध्याकाळच्या आत गाव शाळेत हलवलं.

मंगळवारी सकाळी दहाला बांध घसरला. आमच्या डोळ्यांदेखत, एक बस मावेल एवढा तुकडा. पाणी त्या खिंडाराच्या हातभर खाली राहिलं. एकही घर भिजलं नाही. मी रस्त्यातच बसून रडले.

आता ऐका पुढचं. तोरिगोए-सानचा अहवाल काल निघाला. ‘बांध उत्तम स्थितीत होता. सेम्बा यांनी विनापरवाना, घाईने पाणी सोडल्यामुळे तो घसरला.’ पुरावा म्हणून काय जोडलंय? तोच कागद. माझ्या हातचा, नवा कोरा, सात सरळ शिक्क्यांचा. शिमोहाराची लावणी बुडाली, लोक खवळलेत आणि सगळे सेम्बा-सानकडे बोट दाखवतात.

पहिला कागद मी फाडून टाकला होता. पण मी जिवंत आहे. चौकशी समितीपुढे मी सांगणार आहे की तो शिक्का उलटा होता आणि तो मी पुसला. परत पाठवतील तर पाठवू देत. हे तरी बरोबर ना?

नोरीन


१६ जुलै

हॅलस्टेड नोरीन-सान यांस,

उन्हाळा कडक झाला आहे, प्रकृती सांभाळावी. वर्ष पुरं होण्याआधीच तुम्हाला परत पाठवत आहेत असं कळलं; प्रवासाची तयारी चालू असेल. विमानतळावर निरोपाला येता येणार नाही म्हणून लिहीत आहे. असं पत्र मी कधी लिहिलेलं नाही, तेव्हा काही कमीजास्त झाल्यास कुगा-सानकडून दुरुस्त करून घ्यावं.

समितीपुढे तुम्ही साक्ष दिलीत. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं. अध्यक्ष फार मायेने म्हणाले, ‘शिक्का मुळात उलटा होता हे खरं असेल, तर सेम्बा-सान, तुमच्यावर काही ठपका येत नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा.’ दरवाजा उघडून धरला होता त्यांनी माझ्यासाठी.

मी म्हणालो, ‘हो, उलटा होता. म्हणजे बांध धोक्याचा आहे हे मला मे महिन्यात ठाऊक होतं आणि तरी मी कागद पुढे जाऊ दिला. कृपया तसंच लिहून घ्या.’ लिहिणारा थांबला. मी दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्याने लिहिलं. या महिनाअखेरीस मी नोकरी सोडतो आहे. निरोप समारंभ होणार नाही. तोरिगोए-सानची बदली झाली. बांध कशामुळे घसरला याबद्दल समितीचं अजून एकमत नाही.

एक गोष्ट तुम्हाला तोंडावर सांगायची राहिली. मला तुमचा राग आला होता. तुम्ही तो नवा कागद घेऊन माझ्यासमोर हसत उभ्या राहिलात तेव्हाही आला, चार लोकांत माफी मागितलीत तेव्हा तर फारच, आणि अजूनही पुरता गेलेला नाही. तुम्हाला नमस्कार करताना मी जास्त वाकलो तो चेहरा दिसू नये म्हणून.

पण रोज सकाळी मी ओनागीवर जातो. हिरोओका आजोबा माझ्याशी बोलत नाहीत, तरी बसायला जागा करून देतात. खाली घरं दिसतात. आणि माझ्या मनात येतं, तुम्ही तो कागद बदलला नसता तर मी पाण्यात उतरलो नसतो. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी माझ्या टेबलाशी बसलेलो असतो. नंतर एक्केचाळीस घरांच्या अंत्यविधीला काळा कोट घालून गेलो असतो. चौकशीत माझा उलटा शिक्का निघाला असता आणि सगळे म्हणाले असते, सेम्बांची काही चूक नव्हती.

आणि मीही ते मानलं असतं.

सेम्बा